झाडावर चढून फांद्या आणि खोड उतरवण्यासाठी कोणता चेनसॉ घ्यावा?

मलप्रभाकाठ (खानापूर तालुका)

नमस्कार. मी जांबोटी भागात राहतो. झाडे उतरवण्याचे काम आमच्या घरात वडिलांपासून चालत आले आहे. वडील कोयता कमरेला खोचून आणि कुऱ्हाड दोराला बांधून काथ्याच्या सोलाच्या (जाड दोराच्या) आधाराने चढत असत. मी गेली सहा वर्षे तेच काम चेनसॉ घेऊन करतो. कौलांवर टेकलेला फणस, गोठ्यावर झुकलेला आंबा, बांधावरचे सिल्व्हर ओक, शिवाय वळिवाच्या वाऱ्याने अर्धवट मोडून लटकत राहिलेल्या फांद्या, अशी कामे एप्रिल-मे महिन्यांत एवढी येतात की मिरगाच्या आत सगळ्यांकडे पोहोचणे शक्य होत नाही.

सध्या माझ्याकडे एकच यंत्र आहे, जुने घेतलेले स्टिल कंपनीचे एमएस २५०, त्याला १८ इंची बार (ज्याच्या कडेने चेन फिरते ती लांब पट्टी). जमिनीवर त्याच्याविषयी माझी काहीच तक्रार नाही; पडलेल्या झाडाचे तुकडे ते व्यवस्थित करते. वर नेल्यावर मात्र मागची मूठ फांद्यांत अडकते, तोल बारच्या टोकाकडे जातो आणि दहा-पंधरा मिनिटांत मनगट भरून येते. गेल्या महिन्यात एका फणसाच्या बेचक्यात उभा राहून डाव्या हाताने खोडाला मिठी मारली होती आणि उजव्या हातात एकट्याने यंत्र धरून कापत होतो. बारचे टोक मागच्या बारीक फांदीला टेकले आणि यंत्र एकदम उसळून माझ्याकडे आले. ब्रेक झटक्याने आपोआप लागला आणि चेन थांबली, तेव्हा ती खांद्यापासून चार बोटांवर होती. खाली उतरल्यावर शर्टाच्या बाहीला फणसाच्या चिकाची एक लांब रेघ दिसली. ती पाहून त्या दिवशी पुन्हा वर जाण्याचे धैर्य झाले नाही.

बेळगावातील एका दुकानदाराने मला यापेक्षा जास्त सीसीचे यंत्र घेण्याचा सल्ला दिला. ताकद जास्त असेल तर काप लवकर होतो आणि धोका कमी होतो, असे त्यांचे म्हणणे होते. हे मला पटले नाही, पण नेमके काय चुकते आहे हेही सांगता येईना. मी ७०,००० रुपये बाजूला ठेवले आहेत. वर आणि खाली दोन्हीकडे चालेल असे एकच यंत्र घ्यावे, की वरच्या कामासाठी वेगळे घ्यावे? जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

दोरवाला तिलकवाडी (बेळगाव शहर)

आपण बाहीवरील चिकाची गोष्ट मोकळेपणाने लिहिली, त्याबद्दल आधी आपले आभार मानतो, कारण या धंद्यात अशा गोष्टी लपवण्याची सवय आहे आणि त्या लपवल्यामुळेच पुढचा गडी तीच चूक करतो. मी १४ वर्षे शहरात आणि कॅम्प भागात जुनी झाडे उतरवतो. माझे मत सरळ आहे: वरच्या कामाला वेगळे यंत्र घ्या, आणि ते सीसीवर नव्हे तर वजनावर आणि मुठीच्या जागेवर निवडा.

आपले एमएस २५० हे ४५.४ सीसीचे, बार-चेनशिवाय सुमारे ४.६ किलोचे यंत्र आहे. त्याची मूठ मागे आहे, कारण ते दोन्ही पाय जमिनीवर रोवून उभ्या असलेल्या माणसासाठी बनवलेले आहे. झाडावरच्या यंत्राची मूठ इंजिनाच्या डोक्यावर असते, त्याला आपण टॉप हँडल म्हणतो. त्यामुळे यंत्र आखूड होते, अंगाजवळ धरता येते आणि फांद्यांच्या गर्दीतून फिरवता येते. या प्रकारात स्टिल एमएस १५१ टी २३.६ सीसीचे आणि सुमारे २.६ किलोचे, एमएस १९४ टी ३१.८ सीसीचे, तर एमएस २०१ टी ३५.२ सीसीचे आणि सुमारे ३.७ किलोचे आहे. हस्कवर्नाचे टी५४० एक्सपी ३७.७ सीसीचे असून तेही पावणेचार-चार किलोच्या घरात येते. ही सगळी वजने रिकाम्या यंत्राची आहेत. बार, चेन, पेट्रोल आणि चेनचे ऑइल मिळून साधारण किलोभर वाढते, आणि तो किलो सकाळी जाणवला नाही तरी दुपारी दोननंतर नक्की जाणवतो.

आपण लिहिलेली कामे पाहता ३१ ते ३५ सीसीचे यंत्र आणि १२ इंची बार पुरेसा होईल. माझ्या कामात वर कापाव्या लागणाऱ्या बहुतेक फांद्या मांडीएवढ्या किंवा त्याहून बारीक असतात. निव्वळ छाटणी करायची असती, तर मी २३ सीसीचेच सुचवले असते. पण खोड वरून तुकड्या-तुकड्यांनी उतरवायचे असेल तर ते अपुरे पडते. बार १४ इंची घेण्याचा मोह होईल, कारण दुकानात तो भारी दिसतो. तो मोह टाळा. बारचे टोक जेवढे पुढे, तेवढे ते नजरेआड जाते, आणि आपल्या खांद्यापाशी आलेले यंत्र टोक नजरेआड गेल्यामुळेच आले होते. टोकाचा वरचा पाव भाग लाकडाला लागला की चेन लाकूड कापण्याऐवजी त्यावर चढू पाहते आणि बार मागे फेकला जातो. जास्त सीसीचे यंत्र तोच झटका आणखी जोराने देते. दुकानदाराच्या सल्ल्यात हेच चुकत होते.

आता एक गोष्ट फार गांभीर्याने सांगतो. टॉप हँडल यंत्र हलके आणि आटोपशीर असल्यामुळे ते एका हातात धरण्याची इच्छा होते, आणि म्हणूनच ते मागच्या मुठीच्या यंत्रापेक्षा जास्त धोकादायक आहे. त्याच्या दोन्ही मुठी एकमेकींजवळ असतात. झटका आला तर तो आवरायला हातांना तेवढी पकड मिळत नाही. म्हणून वरही दोन्ही हातांनीच कापायचे, आणि जमिनीवर ते यंत्र चालवायचेच नाही. जमिनीसाठी आपले एमएस २५० आहे, ते विकू नका.

दोन्ही हात यंत्रावर ठेवायचे असतील, तर शरीर दोरावर असले पाहिजे. इथे चेनसॉपेक्षा पट्टा महत्त्वाचा ठरतो. आपण डाव्या हाताने खोडाला मिठी मारली, कारण आपल्याला धरून ठेवणारे दुसरे काही नव्हते. मांड्यांना आणि कमरेला आधार देणारा, दोन्ही बाजूंना कड्या असलेला, झाडावरच्या कामाचा पट्टा घ्या. बांधकामावर वापरतात तो पाठीवर कडी असलेला पट्टा पडण्यापासून वाचवतो, पण त्यात बसून काम करता येत नाही. कापताना दोन ठिकाणी बांधलेले असा: एक वरच्या भक्कम बेचक्यातून आलेला चढण्याचा दोर, आणि दुसरा खोडाभोवतीचा, आत पोलादी तार असलेला आखूड दोर. पोलादी तारेवरून चेन चुकून घसरली तर थोडा वेळ मिळतो, सुती किंवा काथ्याच्या दोरावर तो मिळत नाही. वडिलांचा सोल आठवण म्हणून जपून ठेवावा, पण त्यावर अंगाचा भार टाकू नये.

आपल्या ७०,००० पैकी पहिला खर्च पट्टा, दोर, शिरस्त्राण आणि पायांच्या संरक्षक पँटवर करा. उरलेल्या पैशात एमएस २०१ टी बसत नसेल, तर त्याहून लहान टॉप हँडल घ्या. पँटमध्येही दोन प्रकार येतात: एकात फक्त पुढच्या बाजूला धाग्यांचे अस्तर असते, दुसऱ्यात पायाच्या सगळ्या बाजूंनी. चेन अस्तराला लागली की ते धागे ओढले जाऊन स्प्रॉकेटमध्ये (चेन फिरवणाऱ्या दातेरी चाकात) गुंततात आणि चेन थांबते. जमिनीवर पहिला प्रकार चालतो. झाडावर पाय कोणत्याही कोनात असतो, म्हणून दुसराच हवा.

एक हिशेब सांगून थांबतो. ओले लाकूड घनमीटरला ८०० ते १,००० किलोच्या आसपास भरते. ३० सेंटीमीटर जाडीचा एक मीटर लांब तुकडा म्हणजे ६० ते ७० किलो, आणि जाडी ४० सेंटीमीटर झाली की तेवढ्याच लांबीचा तुकडा शंभर किलोंच्या पुढे जातो. खालून हे वजन डोळ्यांना दिसत नाही. म्हणून खोड उतरवताना तुकडा लहान घ्यावा, आणि मोठी फांदी एकाच कापात कधीही सोडू नये. आधी खोडापासून हातभर अंतरावर खालून काप घ्यावा, मग त्याच्या किंचित पुढे वरून काप घेऊन वजन उतरवावे, आणि उरलेला खुंट शेवटी फांदीच्या बुडाशी असलेल्या फुगीर कड्याच्या बाहेरून कापावा. नाहीतर साल खोडावरून सोलत खाली जाते, आणि तिथे आपला पाय असतो. जांभळाच्या फांदीवर तर कधीच विश्वास ठेवू नका. हिरवीगार दिसते आणि सूचना न देता कडाडते.

उद्यमबाग मिस्त्री

वरील उत्तर परिपूर्ण आहे, त्यामुळे मी फक्त दुरुस्तीच्या बाजूचे लिहितो. माझ्या बाकावर येणाऱ्या दहा यंत्रांपैकी बहुतेक यंत्रे इंजिन खराब झाले म्हणून नव्हे, तर बोथट चेन आणि चुकीचे पेट्रोल यांमुळे येतात.

यंत्र घेण्यापूर्वी दुकानदाराला एकच प्रश्न विचारा: याचा क्लच, ऑइल पंप, स्प्रॉकेट आणि चेन आपल्याकडे आजच्या आज आहे का? टॉप हँडल यंत्रे आपल्याकडे कमी विकली जातात, त्यामुळे त्यांचे भाग काही वेळा आठवडाभर येत नाहीत, आणि मे महिन्यातला आठवडा म्हणजे आपल्या वर्षाच्या कमाईचा मोठा हिस्सा. माहितीपत्रकावर दोन-तीनशे ग्रॅम जास्त असले तरी ज्याचे भाग बेळगावात हातोहात मिळतात, ते यंत्र मी घेईन.

चेनविषयी. एमएस २५० ला .३२५ इंच मापाची चेन लागते, तर एमएस २०१ टी ला ३/८ पी (३/८ इंचाची, लहान दातांची) मापाची. दोन्ही एकमेकांना बसत नाहीत आणि कानसही वेगळी लागते: .३२५ ला ४.८ मिलीमीटरची, ३/८ पी ला ४ मिलीमीटरची गोल कानस. लहान दातावर जाड कानस फिरवणारे मी रोज पाहतो. त्याने दाताचा गळा मोडतो आणि चेन पुन्हा धारेला येत नाही. कानस ३० अंशांत, आतून बाहेर, प्रत्येक दाताला सारख्याच वेळा ओढावी. दोन-तीन वेळा धार लावल्यावर दाताच्या पुढची ठोकळी (काप किती खोल जायचा ते ठरवणारी) दातापेक्षा ०.६५ मिलीमीटर खाली आहे का हे मापपट्टीने पाहावे. ती अंदाजाने घासून जास्त खाली नेली, तर चेन लाकडात आदळत चालते आणि वर बसलेल्या माणसाला प्रत्येक दाताचा हिसका मनगटात जाणवतो. धारेची खूण अगदी सोपी आहे: लाकडातून चपटे कपचे पडत असतील तर धार आहे, पिठासारखा भुसा पडू लागला की खाली उतरावे. दाबून कापू नये.

शहरातील झाडांत जाहिरातींच्या पाट्यांचे खिळे, तारा, कधी जुन्या दिव्याचे लोखंडी हूकही सालीच्या आत गेलेले असतात. म्हणून दोन चेन जवळ ठेवाव्यात, आणि पूर्ण चौकोनी कोपऱ्याच्या दातांऐवजी किंचित गोल कोपऱ्याचे दात घ्यावेत. कापायला थोडे हळू, पण माती आणि कडक लाकूड सोसतात.

पेट्रोलमध्ये टू-स्ट्रोक ऑइल ५० ला १ या प्रमाणात, म्हणजे एका लिटरला २० मिलीलिटर. हे माप बाटलीच्या झाकणाने नव्हे, मोजपात्राने घ्यावे. आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते आणि ते हवेतील ओलावा ओढून घेते. आपल्या खानापूर भागात जून ते सप्टेंबर हवेत किती ओल असते हे मी आपल्याला काय सांगावे! मिश्रण आठवड्यापुरतेच करावे, हंगाम संपला की टाकी रिकामी करून इंजिन बंद पडेपर्यंत चालवून ठेवावे, आणि इथेनॉलविषयी आपल्या यंत्राच्या पुस्तिकेत काय लिहिले आहे ते घेण्याआधीच वाचावे. फणस कापल्यानंतर बार काढून खाच साफ करायला विसरू नये. चीक आणि भुसा मिळून ऑइलचे छिद्र बुजते, चेन कोरडी चालते, आणि बार निळा पडल्यावर मालक माझ्याकडे येतो.

आंबराई नंदगड

मी चेनसॉ चालवत नाही. आमची आंब्या-काजूची बाग आहे आणि दरवर्षी आम्ही झाडे उतरवणाऱ्यांना बोलावतो. दोन वर्षांपूर्वी आमच्याकडे आलेला एक तरुण, माझ्या धाकट्या दिराच्या वयाचा, १५ फुटांवरून पडला. त्याच्याकडे उत्तम, नवे यंत्र होते आणि कमरेला एक सुती दोर होता. पाठीच्या मणक्याला मार बसला. तो आता चालतो, पण झाडावर चढत नाही. त्याच्या आईला मी अजून बाजारात भेटते. त्यानंतर आम्ही ठरवले आहे की पट्टा आणि दोर पाहिल्याशिवाय कोणालाही झाडाला हात लावू द्यायचा नाही, मग तो कितीही कमी पैशांत काम करणारा असो. आपण दर ठरवताना हे लक्षात ठेवावे. सुरक्षितपणे काम करणाऱ्याला चार पैसे जास्त देणारे आमच्यासारखे लोकही आहेत.

शिवाय काम घेण्यापूर्वी मालकाकडे दोन कागद मागा. पहिला म्हणजे परवानगी. कर्नाटक वृक्ष संरक्षण अधिनियम, १९७६ प्रमाणे झाड तोडण्यापूर्वी वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी घ्यावी लागते. निलगिरी, सुरू, सुबाभूळ, सिल्व्हर ओक, नारळ अशा काही झाडांना त्यातून सूट आहे. चंदन, शिसव आणि सागवानाच्या बाबतीत मात्र वन खात्याला विचारल्याशिवाय पुढे जाऊच नये. लाकूड गाडीत भरून न्यायचे असेल तर वाहतुकीच्या परवान्याची चौकशीही आधीच करावी. मालक "माझेच झाड आहे" असे म्हणाला तरी यंत्र आपल्या हातात असते आणि जाब आपल्यालाही विचारला जातो. दुसरा कागद म्हणजे जवळून वीजवाहिनी जात असेल तर हेस्कॉमकडे (आपल्या भागातील वीज कंपनीकडे) केलेला अर्ज. लाईनमनने पुरवठा बंद करून स्वतः तसे सांगितल्याशिवाय चढू नका. फोनवर "बंद आहे, चढा" असे सांगणाऱ्याच्या भरवशावर कोणाचाही जीव टांगणीला लावू नये. ओल्या फांदीतून वीज उतरते.

निपाणी वखार

बॅटरीवरच्या टॉप हँडलचा कोणीच उल्लेख केला नाही, म्हणून लिहितो. मी वर्षभर स्टिलचे एमएसए १६१ टी वापरतो. झाडावर दोरी ओढून इंजिन सुरू करण्याची गरज नाही, दोन कापांच्या मध्ये चेन आणि मोटर दोन्ही शांत असतात, आणि सगळ्यात मोठा फायदा म्हणजे खालच्या गड्याची हाक ऐकू येते. पेट्रोलवरच्या यंत्राच्या आवाजात "थांब" आणि "सोड" यांतला फरक कळत नाही. आग्या मोहोळ असलेल्या झाडाजवळ तर इंजिनाची थरथर मुळीच नको, जरी मोहोळ दिसल्यावर त्या झाडावर चढूच नये हेच खरे. अडचण अशी की दिवसभराच्या कामाला तीन बॅटऱ्या लागतात आणि जाड खोडाला ते हळू पडते. खानापूरच्या जंगलालगतच्या गावात मे महिन्यात वीज किती वेळ असते, हे पाहूनच निर्णय घ्यावा. पहिलेच यंत्र म्हणून मी आपल्याला पेट्रोलचेच सुचवेन.

मलप्रभाकाठ (खानापूर तालुका)

सर्वांचे मनापासून आभार. नंदगडच्या वहिनींनी लिहिलेले मी घरी मोठ्याने वाचून दाखवले. वडील काहीच बोलले नाहीत, पण संध्याकाळी त्यांनी माळ्यावरून सोल काढून आणला आणि हातांनी त्याचे धागे उलगडून पाहिले. दोन ठिकाणी आतून कुजलेला होता.

मी पट्टा, पोलादी तारेचा दोर आणि पँट आधी घेणार आहे. त्यानंतर उरलेल्या पैशात ३१ सीसीच्या आसपासचे टॉप हँडल, १२ इंची बार आणि दोन चेन. दोरवाला काका, दोन शंका आहेत. यंत्र पट्ट्याला कसे लटकवावे? आणि लोखंडी काटे बुटांना बांधून चढणे योग्य आहे का?

दोरवाला तिलकवाडी (बेळगाव शहर)

यंत्र पट्ट्याच्या मागच्या बाजूच्या कडीला आखूड पट्टीने लटकवा. पट्टी अशी घ्या की यंत्र पडत्या फांदीत अडकले, तर तिचा ठरावीक भाग तुटून यंत्र सुटेल आणि आपण फांदीबरोबर ओढले जाणार नाही. ही पट्टी घरी शिवलेली नको. सुरू करताना चेनचा ब्रेक लावलेला असावा, यंत्र खोडाला किंवा अंगाला टेकवलेले असावे. हवेत झटकून सुरू करण्याची सवय लागली असेल तर ती आजच सोडा. कापून झाले की ब्रेक लावूनच लटकवा.

काटे फक्त पूर्ण काढायच्या झाडावर वापरावेत. जे झाड राखायचे आहे, त्याच्या सालीला प्रत्येक पावलाला जखम होते आणि पावसाळ्यात त्यातून बुरशी शिरते. छाटणीला बोलावणाऱ्या मालकाचे झाड आपण असे आजारी करू नये. नवे यंत्र आल्यावर पहिले चार दिवस ते घेऊन माणसाच्या उंचीवरच दोरावर बसून काप घेण्याचा सराव करा, खाली कोणीतरी उभे असताना. पुढच्या रविवारी मी जांबोटीच्या बाजूला येणार आहे. वडिलांची हरकत नसेल तर पट्टा घेऊन या. गाठी आणि दोन्ही बंध कसे बदलायचे, हे एखाद्या आंब्यावर सोबत करून पाहू.